चौघांची चार ठिकाणं, पाचवं तुमचं

"काकू, नमस्कार. आम्ही दर्यापूर तालुक्यातले. पाच एकर कोरडवाहू, कापूस अन् तूर. औंदा कापसाचे पैसे हाती आले तसं घरच्यांनी ठरवलं, एकडाव सगळ्यांनी फिरून यायचं. तीसेक हजार बाजूला ठेवले. पण कुठं जायचं यावरून रोज वाद. सासूबाई शहात्तरच्या, गुडघे दुखतात, त्या म्हणतात, 'मरायच्या आंधी शेगाव अन् पंढरपूर पाहून येतो व माय.' ह्यांना ताडोब्यात वाघ पाहायचा. मुलगा कॉलेजात, त्याला मित्रांसंग मोटरसायकलनं समृद्धीवरून जायचं. मुलगी सातवीत, बाईंनी वर्गात लोणारचं सांगितलं तेव्हापासून तिचं तेच चाललं. शेवटी ह्यांनी तोड काढली, बोलेरो भाड्यानं करू अन् चार दिवसांत शेगाव, लोणार, चिखलदरा, ताडोबा सगळं उरकू. मला पटत नाही, पण का पटत नाही ते सांगता येत नाही. अन् एक. मला कुठं जायचं हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मलाही सांगता आलं नसतं. लग्नानंतर माहेर, दवाखाना अन् लग्नकार्य सोडून मी कुठं गेली नाही. नाव छापू नका."

ताई, नाव छापलेलं नाही. पत्र मात्र जवळजवळ पूर्ण छापलंय, कारण असाच वाद आत्ता कितीतरी घरांत चालू असणार.

तुम्हाला ती बोलेरोची योजना का पटत नाही, ते आधी बोलू. मुलीच्या वहीतला नकाशा घ्या आणि दर्यापूरवर बोट ठेवा. शेगाव पश्चिमेला. लोणार तिथून आणखी खाली, नैर्ऋत्येला. चिखलदरा सरळ उत्तरेला, परतवाड्याहून घाट चढून. आणि ताडोबा पार दुसऱ्या टोकाला, चंद्रपूर जिल्ह्यात. तीन दिशा आणि चार दिवस. यातला मोठा भाग गाडीतच जाणार, त्यात सासूबाईंचे गुडघे दुमडलेले. गाडीचं भाडं, डिझेल, ड्रायव्हरचा भत्ता आणि टोल यांतच अर्धे पैसे संपतील. त्याहून मोठी अडचण पुढे आहे. शेगावात मुलगा बाहेर मोबाईल बघत बसेल. लोणारला सासूबाई गाडीत बसून राहतील. ताडोब्यात मुलगी कंटाळेल. प्रत्येक ठिकाणी एकाचं मन भरेल आणि बाकीचे घड्याळ बघतील. आणि चारही दिवस डबे, पाण्याच्या बाटल्या, औषधं, ओले कपडे हे सगळं तुमच्याकडे. तुम्हाला पटत नाही ते हेच असावं असं मला वाटतं.

म्हणून माझं स्पष्ट मत असं की एक मोठी सहल करू नका. तीस हजारांत, घाई न करता, दोन-दोन माणसांच्या चार-पाच लहान सहली होतात. कोण कुठं जाणार यापेक्षा कोण कुणाला घेऊन जाणार, हे आधी ठरवा. माझी जोडी अशी आहे: सासूबाईंना नातवानं न्यावं, मुलीला बापानं न्यावं, आणि तुम्ही या दोन्हींत नसाव्यात.

सासूबाईंपासून सुरुवात करू, कारण त्यांचं काम सगळ्यात सोपं आणि स्वस्त आहे. पंचाहत्तर वर्षांवरच्या ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून राज्यभर एसटीचा प्रवास मोफत आहे. फक्त ओळखपत्र पाहिजे, आणि इथंच आपल्याकडे घोळ होतो. जुन्या माणसांच्या आधार कार्डावर जन्मवर्ष अंदाजानं टाकलेलं असतं. घरी सगळे शहात्तर म्हणतात, कार्डावर एकाहत्तर निघतात. तसं असेल तर अर्ध्या तिकिटाची सवलत मिळते, कारण पासष्ट ते पंचाहत्तर वयाला ती आहेच. पण कंडक्टरशी बसमधे वाद नको, म्हणून आज रात्रीच कार्ड काढून बघा.

नातवानं आजीला अकोल्यापर्यंत एसटीनं न्यावं. तिथून पुढे एसटी आहे किंवा रेल्वे, शेगाव मुंबई-नागपूर मुख्य मार्गावरच आहे. रेल्वेचं आरक्षण करत असाल तर पंचेचाळीस वर्षांवरच्या बायकांना खालचा बर्थ देण्याची सोय तिकीट काढतानाच असते, वय बरोबर भरा म्हणजे झालं. शेगावला गुरुवार, रविवार आणि एकादशी टाळा. माघ वद्य सप्तमीचा प्रकटदिन, रामनवमी आणि ऋषिपंचमी तर नकोच. त्या दिवसांत दर्शनाला लागणारा वेळ गुडघे दुखणाऱ्या माणसाला झेपणारा नसतो. साध्या मंगळवारी-बुधवारी सकाळी गेलं की शांतपणे होतं. रांग मोठी दिसली तर मुखदर्शन घ्या. सासूबाईंना सांगा की महाराजांना लांबून केलेला नमस्कारही पोचतो. रात्री भक्तनिवासात मुक्काम करून दुसऱ्या दिवशी परत. त्याच दिवशी परतायची घाई केली तर आजी घरी येऊन चार दिवस झोपून राहतील.

मुलाला हे सांगाल तेव्हा तो कुरकुर करेल. करू द्या. विशीतल्या पोराला आजीच्या चालीनं चालावं लागणं, तिची गोळ्यांची पिशवी सांभाळणं, 'जेवली का?' म्हणून विचारणं हे कॉलेजात शिकवत नाहीत. वाटेत त्यानं आजीला शकुंतलेबद्दल विचारावं. मूर्तिजापूरहून अचलपूरला जाणारी ती नॅरोगेज तुमच्याच बनोसा स्टेशनवरून जायची. आपल्या कापसासाठी घातलेली गाडी होती ती. आता बंद आहे, पण सासूबाईंच्या पिढीनं तिच्यातून प्रवास केलाय. म्हातारं माणूस गाडीत बसलं की जुनं आठवायला लागतं, आणि ऐकायला कुणी असेल तर बोलत राहतं.

पंढरपूर याच फेरीत घुसवू नका. ते लांब आहे, त्याला वेगळा वेळ द्या. आषाढी-कार्तिकी टाळून साधा आठवडा निवडा. पुढे कधी गावातून चाळीसेक जण आषाढीला निघाले तर एसटी थेट गावातून बस देते, आणि सवलती त्यातही लागू असतात, एवढं लक्षात असू द्या. मात्र त्या गर्दीत सासूबाईंना नेऊ नका. तोवर त्यांना कौंडण्यपूर दाखवा. आपल्याच जिल्ह्यात, तिवसा तालुक्यात, वर्धा नदीच्या काठी आहे. रुक्मिणीचं माहेर. तिथून रुक्मिणीमातेची पालखी पंढरपूरला जाते, आणि ती परंपरा चारशे वर्षांहून जुनी आहे. जिनं आयुष्यभर विठ्ठलाचं नाव घेतलं तिला रुक्मिणीच्या माहेरी जाऊन काय वाटेल हे मी सांगायला नको.

आता मुलगी. तिच्या सहलीवर मी जास्त बोलणार आहे, कारण सातवीतल्या मुलीला जे बघायचंय ते त्याच वर्षी बघायला मिळणं फार मोलाचं असतं. दहावीपर्यंत थांबलात तर ती म्हणेल, 'राहू द्या.'

तुम्ही खारपाणपट्ट्यातल्या. विहिरीचं पाणी खारट असणं म्हणजे काय, हे पुण्या-मुंबईच्या मुलांना सांगावं लागतं. तुमच्या मुलीला ते जिभेवर माहीत आहे. म्हणून लोणारचं सरोवर तिच्याइतकं कुणाला कळणार नाही. बेसाल्टच्या काळ्या खडकात उल्का आदळली आणि सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा पडला. बेसाल्टमधे पडलेली अशी विवरं पृथ्वीवर फार थोडी आहेत. चंद्रावरचा खडकही बेसाल्टच्या जातीचा, म्हणून जगभरचे शास्त्रज्ञ इथं येऊन दगड तपासतात. तळाशी साचलेलं पाणी खारट तर आहेच, शिवाय साबणासारखं अल्कधर्मी आहे. आणि त्याच विवराच्या कडेला, गोमुखाच्या धारेतून, गोडं पाणी बारा महिने पडतं. खाली खारं, वर गोडं, मधे चालायची वाट. जून २०२० मधे हे पाणी गुलाबी झालं होतं. पुण्याच्या आघारकर संस्थेनं तपासलं तेव्हा खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव त्याला कारण निघाले. त्याच वर्षी सरोवराला रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, जागा मिळाली.

निघायच्या आधी मुलीला एक काम द्या. हळद पाण्यात कालवून पांढऱ्या कागदाच्या पट्ट्यांना लावा आणि सावलीत वाळवा. अल्कधर्मी पाण्यात बुडवली की हळद लालसर होते, साबणाच्या पाण्यानं हळदीचा डाग लाल होतो तशी. एक पट्टी घरच्या विहिरीच्या पाण्यात, एक गोमुखाच्या धारेत, एक सरोवराच्या काठी. कुठं काय रंग आला ते तिनं वहीत लिहावं. बाईंना दाखवेल तेव्हा तिचा चेहरा बघा.

बापलेकींनी शनिवारी पहाटे निघावं, अकोल्याहून मेहकरमार्गे लोणार. दुपारी गावातलं दैत्यसूदनाचं मंदिर बघावं, तिथलं कोरीव काम घाईत बघण्यासारखं नाही. लोणारला लॉज आहेत, पर्यटन महामंडळाचं निवासही आहे. विवरात रविवारी सकाळी उतरावं. उतार बराच आहे, चप्पल चालत नाही, बूट हवेत. प्रत्येकाला वेगळी पाण्याची बाटली, आणि ऊन चढायच्या आत परत वर. हे अभयारण्य आहे, आतला दगड-माती काहीही उचलून आणायची नाही, मुलीनं कितीही हट्ट केला तरी. परतीला सिंदखेड राजा करता येतं. लखुजी जाधवांचा राजवाडा, जिजाऊंचा जन्म तिथलाच, १२ जानेवारी १५९८ चा. जयंतीच्या दिवशी अफाट गर्दी असते, म्हणून ती तारीख सोडून जा. मुलीला वाड्यात वडिलांबरोबर फिरू द्या. जिजाऊ तिथं लहानपणी खेळल्या, हे बापाच्या तोंडून ऐकणं वेगळं.

तुमच्या ह्यांचं वाघाचं मन मोडू नका, फक्त ताडोबा यंदाच हवा का ते त्यांना विचारा. ताडोब्याची फेरी म्हणजे प्रवेश, जिप्सी आणि गाईड मिळून काही हजारांचा खर्च असतो, सुटीच्या दिवशी आणखी जास्त. बुकिंग वन विभागाच्या संकेतस्थळावर आधी करावं लागतं, ओळखपत्राच्या तपशिलासह. दर बदलतात, तिथंच बघून घ्या. मंगळवारी उद्यान बंद. पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, गाभ्याचे दरवाजे बंद. जिप्सीत सहा जण बसतात, तेव्हा गावातले आणखी चार-पाच जण जमवले तर खर्च आटोक्यात येतो, आणि मित्रमंडळी असल्यावर ह्यांचाही दिवस मजेत जाईल. फेब्रुवारीत पहाटेच्या उघड्या गाडीत गारठा कडक असतो, कानटोपी आणि शाल लागतेच. भडक कपडे नकोत, मोबाईल खोलीवर राहू द्या.

एवढं सगळं करून वाघ दिसेलच असं कुणी सांगत असेल तर त्याला एक रुपयाही देऊ नका.

यंदासाठी माझं मत मेळघाटाच्या बाजूनं आहे. देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाले तेव्हा, १९७३-७४ मधे, पहिल्या नऊ प्रकल्पांत मेळघाट होता, आणि तो तुमच्या उंबऱ्याशी आहे. परतवाड्याहून सेमाडोह, पुढे कोलकास, खाली सिपना नदी. इथं वाघ सहज दिसत नाही, हे खरं. पण तुमचे हे शेतकरी आहेत. रात्रीतून रोही (नीलगाय) आलं की रानडुक्कर, हे सकाळी ओल्या मातीत बघून ओळखणारा माणूस जंगलात शहरी पाहुण्यांपेक्षा कितीतरी जास्त बघतो. चितळाचा इशारा, वानराचं झाडावरून खोकणं, नदीकाठच्या वाळूतला पंजा, हे त्यांना गाईडनं एकदा दाखवलं की पुरे. वाटेतल्या कोरकू गावांत थांबलात तर कुणाचा फोटो विचारल्याशिवाय काढू नये, एवढं त्यांना माझ्याकडून सांगा. पेट्रोल परतवाड्यात भरून घ्यायचं, पुढे मोबाईलला रेंजही मिळेलच असं नाही. म्हणजे खिशात थोडी रोख हवी, फोनवरून पैसे देण्याच्या भरवशावर घाटात जायचं नाही.

मुलाला सांगा, समृद्धीवर मोटरसायकलला मनाई आहे. वाद तिथंच संपला. त्याला आणि मित्रांना नरनाळा देऊन टाका. अकोटच्या वरचा किल्ला, व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत, शहानूरच्या दरवाज्यातून प्रवेश. महाकाली दरवाज्यावरची नक्षी आणि ती लांबलचक नऊगजी तोफ बघून पोरं गप्प होतील. किल्ल्यांची गोडी लागलीच तर पुढे चिखलदऱ्याचा गाविलगड आहे. १५ डिसेंबर १८०३ ला इंग्रजांनी तो भोसल्यांकडून लढून घेतला, तटबंदी अजून उभी आहे. मोटरसायकलवाल्यांना माझ्या दोनच अटी आहेत. दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट, आणि अंधार पडायच्या आत घरी. आपल्या रस्त्यांवर रात्री रोही कुठून आडवं येईल सांगता येत नाही, आणि कापसानं भरलेल्या ट्रॉलीला मागचा दिवा असेलच असं नाही. या अटींवर मी कुणाचंही ऐकून घेत नाही.

चौघांचं झालं. आता तुमचं, ताई.

'विचारलं असतं तर मलाही सांगता आलं नसतं,' असं तुम्ही लिहिलंय. ते वाक्य मी बराच वेळ वाचत बसले. वीस वर्षं ज्या माणसाला सगळ्यांना काय हवं ते माहीत असतं, तिला स्वतःचं सांगता न येणं यात काही विचित्र नाही. सवय नाही, एवढंच. म्हणून ठिकाण आधी ठरवू नका. आधी हे बघा की तुम्हाला कशाची भूक आहे. शांततेची? की चार बायकांत खळखळून हसण्याची? की नुसतं कुणीतरी वाढलेलं जेवून दोन रात्री पोटभर झोपण्याची? तिसरं खरं असेल तर लाजू नका. नोव्हेंबरपासून पाठ वाकवून कापूस वेचलेल्या बाईनं विसाव्यासाठी प्रवास करावा, यात कमीपणा कसला?

शांतता हवी असेल तर सेवाग्राम आणि पवनार. मूर्तिजापूर किंवा बडनेऱ्याहून रेल्वेनं वर्धा, तिथून दोन्ही जवळ. गांधीजी १९३६ मधे सेवाग्रामला राहायला आले. माती, बांबू आणि कवेलूची ती कुटी बघून तुम्हाला आपल्याच गावातल्या एखाद्या जुन्या घरात आल्यासारखं वाटेल, आणि मग लक्षात येईल की देशाचे केवढे निर्णय या सारवलेल्या जमिनीवर बसून झाले. संध्याकाळच्या प्रार्थनेला बसा. प्रार्थना येत नसली तरी नुसतं बसा.

पवनारला धाम नदीच्या काठी विनोबांचा आश्रम आहे. १९५१ मधे विनोबा इथूनच दिल्लीकडे पायी निघाले, आणि पुढची तेरा वर्षं भूदानासाठी देशभर चालत राहिले. पण तुम्हाला मी पवनारला पाठवतेय ते दुसऱ्या कारणानं. १९५९ मधे त्यांनी इथं ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं, बायकांनी स्वतः चालवायचं म्हणून. शेती, स्वयंपाक, अभ्यास, आश्रमाचे निर्णय, सगळं बहिणी मिळून करतात. ज्या बाईला आजवर कुणी 'तुला काय वाटतं' विचारलं नाही, तिनं बायकांनी एकमेकींना विचारून चालवलेलं घर एकदा डोळ्यांनी बघावं, असं मला मनापासून वाटतं. तिथं जमिनीत सापडलेली भरत-रामाच्या भेटीची मूर्तीही आहे, तिच्यापाशी थोडं थांबा.

मैत्रिणी हव्या असतील तर बचत गटाच्या बैठकीत विषय काढा. पहिल्या खेपेला एका दिवसाचं ठेवा: कौंडण्यपूर आणि गुरुकुंज मोझरी. दोन्ही तिवसा तालुक्यात, एकाच दिवसात होतात. मोझरीला तुकडोजी महाराजांच्या समाधीपाशी खंजिरी ऐकू येईल, आणि भजन सगळ्याजणींना पाठ असेलच. मार्च २०२३ पासून राज्यात एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे खर्चाचं कारण कुणाला देता येणार नाही. शिदोरी प्रत्येकीनं आपापली आणायची. एकीनं सगळ्यांसाठी करायचं नाही, हा नियम आधीच ठरवा. भाकर, जवसाची चटणी, कोरडा झुणका दिवसभर टिकतो.

प्रवासातल्या काही गोष्टी बायका एकमेकींनाच सांगतात, त्या इथं सांगते. संडासच्या भीतीनं पाणी पिणं बंद करू नका. त्यानं चक्कर येते, लघवीची आग होते आणि सहल दवाखान्यात संपते. एसटीच्या मोठ्या आगारात आणि रेल्वे स्टेशनवर सोय असते, दर दोन-तीन तासांनी उतरून घ्या. पाळीची तारीख जवळ असो वा नसो, पॅड आणि गुंडाळायला जुना कागद पिशवीत असू द्या. पैसे दोन जागी ठेवा, थोडे पर्समधे, थोडे पोलक्यात. घरचे दोन फोन नंबर तोंडपाठ करा, फोन बंद पडला तर कागदावरचं काही आठवत नाही. नव्या गावात दिवसाउजेडी पोचा. अडचण आली तर ११२, रेल्वेत १३९, आणि तब्येतीसाठी १०८. कुणी फार आपुलकीनं 'मी सोडून देतो' म्हणाला तर बाईच्या शेजारी जाऊन उभं राहा, आपल्याकडच्या बायका लगेच समजून घेतात.

वेळेचं बघा. कापसाची शेवटची वेचणी आणि तूर झाली की हरभऱ्याच्या सोंगणीआधी थोडे मोकळे दिवस मिळतात, आणि तेच दिवस सगळ्यात चांगले. मार्च उलटला की आपल्याकडे दुपारी बाहेर पडायची सोय राहत नाही. नाइलाजानं उन्हाळ्यात निघालातच तर पहाटेची गाडी, डोक्याला दुपट्टा, आणि बाटलीत एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून घ्या. चमचे चहाचे आणि सपाट भरलेले, मीठ त्याहून जास्त नाही.

राहिला घरी सांगण्याचा प्रश्न. तुम्ही तो विचारला नाही, पण तो आहे. परवानगी मागितल्यासारखं बोलू नका. चौघांच्या सहलींच्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहाल, तेव्हा त्याच वेळी, त्याच पेनानं तुमचीही लिहा. सासूबाई शेगावहून परत आल्या की त्यांच्याजवळ बसून विचारा, 'तुम्हाला तरुणपणी कुठं जावंसं वाटायचं?' त्यांनाही आजवर कुणी विचारलं नसेल. मला वाटतं, त्या दिवसापासून त्या तुमच्या बाजूनं बोलतील. तुम्ही नसताना दोन दिवस स्वयंपाक कोण करणार, हा सवाल येईलच. उत्तर सरळ आहे: घरात विशीतला मुलगा आणि त्याचे वडील, दोघांना भात आणि वरण लावता येत नसेल तर आठ दिवस आधी शिकवून ठेवा. मुलीच्या अंगावर ते टाकू देऊ नका. ती सातवीत आहे.

पैशांचा हिशेब असा करा की तुमच्या सहलीचे पैसे आधी वेगळ्या डब्यात निघतील आणि उरलेल्यात बाकीच्यांचं बसेल. शेवटी ठेवले तर उरणार नाहीत, हे तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे. सेवाग्रामला राहायचं ठरलं तर तिथं साधी सोय आहे, पण शाळांच्या सहलींच्या दिवसांत जागा भरते, म्हणून जायच्या आठवडाभर आधी फोन करून विचारून घ्या, आणि जेवणाच्या वेळाही तेव्हाच विचारा, तिथं त्या ठरलेल्या असतात.